सोसायटी ग्रुप : फक्त कामाचे मेसेज
२८ ऑक्टोबर २०२४, सोमवार

सौ. पाटणकर, बी-२०३ (९:२२): वसुबारसेच्या शुभेच्छा सर्वांना 🙏 कोणी जागं आहे का? रिलायन्स शुक्रवारी २६५५ ला बंद झालेला, आत्ता १३३५ दाखवतोय. निम्मे पैसे गेले! हे आंघोळीला गेलेत, अजून सांगितलेलं नाही.

भोसले, सी-४०२: सी विंगच्या टाकीचं झाकण कोणी काढून ठेवलंय?

नेने, ए-३०१: वहिनी, काही गेलेलं नाही. आज बोनसची रेकॉर्ड डेट, म्हणजे शुक्रवारपर्यंत ज्यांनी घेतले त्यांना जादा शेअर. एकास एक. तुमचे ४० असतील तर ८० होणार, म्हणून भाव निम्मा.

सौ. पाटणकर: पण खात्यात ४०च दिसतायत.

नेने: बोनसचे परवापर्यंत येतील. तोवर घाबरून विकू नका.

रोहन, ए-१०४: म्हणजे कंपनीने दिलं काय? त्याच भाकरीचे चाराऐवजी आठ तुकडे 😂

नेने: बरोबर. राखीव निधीतला आकडा भांडवलात जातो, हातात रोख येत नाही. रोख मिळतो तो डिव्हिडंड. स्प्लिट आणखी वेगळं, त्यात दर्शनी, म्हणजे शेअरवर लिहिलेली मूळ किंमत १० ची ५ होते. बोनसमध्ये १० ची १०च राहते.

रोहन: दर्शनी १० आणि भाव १३३५?

नेने: हो. १०० टक्के डिव्हिडंड म्हणजे त्या दर्शनी दहावर. शेअरमागे १० रुपये. आमच्या ऑफिसात एकाने बाजारभावाने हिशोब करून पेढे वाटले होते.

भोसले: टाकीचं झाकण. सी विंग.

सावंत, सी-१०१: काका छान समजावतात. पण वहिनी, सुट्या शेअरच्या मागे लागताच कशाला? म्युच्युअल फंडात एसआयपी करा, दरमहा ठरावीक रक्कम, फॉर्म घरी आणून देतो. एक नवीन फंड १० रुपये एनएव्हीला आलाय, स्वस्तात.

नेने: सावंत, १० ची एनएव्ही स्वस्त नि ५०० ची महाग असं नसतं, हे तुम्हाला माहीत आहे. फंडाच्या मालमत्तेतून देणी वजा करायची, युनिटांनी भागायचं, झाली एनएव्ही. आतले शेअर १० टक्के वाढले तर दोन्हीकडे पैसे तेवढेच वाढणार.

सावंत: मी अ‍ॅम्फीकडे, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेकडे नोंदणीकृत आहे, आदरणीय काका.

शर्वरी, बी-५०१: सावंतकाका, रेग्युलर की डायरेक्ट?

सावंत: सेवा फुकट मिळत नाही, शर्वरी.

शर्वरी: फुकट कोण मागतंय? रेग्युलरमध्ये तुमचं कमिशन फंडाच्या खर्चातून, म्हणजे आमच्याच एनएव्हीतून जातं, एवढं सांगून विका. एजंटशिवायचे डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत.

सावंत: तुझ्या बाबांच्या केवायसीसाठी रविवारी धावलो तेव्हा चाललो होतो 🙏

काळे, ए-२०२: विषय निघालाच आहे तर, आपला सिंकिंग फंड, मोठ्या दुरुस्तीचा पैसा, एफडीत का पडून आहे? निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाका. निफ्टीतल्या ५० कंपन्या एकदम बुडणार आहेत का?

देशमुख (सचिव): काळेसाहेब, हे एजीएममध्ये झालंय. सहकार कायदा, कलम ७०. सोसायटीचा पैसा मनाला येईल तिथे ठेवता येत नाही.

काळे: झालं, पण उत्तर मिळालं नाही.

देशमुख: तुमची थकबाकी आली की तीही एफडीत टाकू.

भोसले: देशमुख, आधी झाकण. कबुतरं बसतायत.

रोहन: नेनेकाका, एफ अँड ओ, ते फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे, पण सांगा ना.

नेने: नाही. सेबीचा गेल्या महिन्यातला अहवाल वाच. तीन वर्षांत त्यातले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात.

सौ. जोशी, ए-१०४: रोहन, हॉलमध्ये ये.

सौ. पाटणकर: नेनेकाका, एक विचारायचं राहिलं. तुमचा मेसेज यायच्या आधीच मी १० विकले. त्यांचा बोनस बुडाला?

नेने: नाही. शुक्रवारी ४० होते ना? मग बोनस चाळिसांवरच. फक्त बोनसचे ते ४० पुढे विकाल तेव्हा करासाठी त्यांची खरेदी किंमत शून्य धरतील, ते लिहून ठेवा.

सौ. पाटणकर: जीव भांड्यात पडला. यांना मात्र कोणी काही बोलू नका हं.

श्री. पाटणकर, बी-२०३: मीही याच ग्रुपवर आहे.