मदत हवी आहे: गॅस्ट्रिक बँडनंतर वजन पुन्हा चढतंय, निश्चय टिकत नाही

रुंजी (धागाकर्ती)
मेलबर्नला राहते. २०१७ मध्ये लॅप-बँड (जठराच्या वरच्या भागाभोवतीचा पट्टा, आत सलाईन भरलं की घट्ट होतो) बसवला, १० मिली क्षमतेचा. उंची १६२ सेमी. तेव्हाचं वजन १०८ किलो, दोन वर्षांनी ८४, आणि ते बराच काळ तिथेच होतं. गेल्या आठ महिन्यांत ८९ झालं. बँडमध्ये सध्या ७ मिली सलाईन आहे. शेवटचा फिल, म्हणजे सलाईनची भर, अर्धा मिलीचा, नऊ महिन्यांपूर्वी.
सध्याचं खाणं असं: सकाळी ब्रेड किंवा पोळीचे दोन घास घेतले की अडकतात, म्हणून दुधाची कॉफी आणि त्यात बुडवून बिस्किटं. दुपारी दहीभात. संध्याकाळी चिवडा किंवा शेव. रात्री सूप, मग आइस्क्रीम. चिकन आणि कोशिंबीर बंदच झाली आहे, कारण तोंडात फेसाळ लाळ येते आणि घास परत येतो. रात्री आडवं पडल्यावर कोरडा खोकला येतो, उशी उंच घेतली की कमी होतो.
अजून एक फिल घेऊन बँड घट्ट केला तर खाणं ताब्यात येईल का? आणि निश्चय टिकवायला तुम्ही लोक नेमकं काय सुचवाल?

पश्चिमवारा
रुंजीताई, आधी खोकल्याबद्दल. बाकी सगळं नंतर.
आडवं पडल्यावर खोकला, घास परत येणं, फेसाळ लाळ, घन पदार्थ बंद पडणं, ही चारही लक्षणं एकत्र आली की बँड गरजेपेक्षा घट्ट आहे किंवा जागेवरून सरकला आहे असं धरून चालायचं. वर साचलेलं अन्न आणि लाळ झोपेत श्वासनलिकेकडे येते, म्हणून खोकला. हे चालू राहिलं तर न्यूमोनिया होऊ शकतो आणि अन्ननलिका फुगत जाते. त्यामुळे फिल अजिबात नको. ह्याच आठवड्यात क्लिनिकला फोन करा आणि हे शब्द वापरा: "रात्री खोकला, घन पदार्थ जात नाहीत." थोडं सलाईन काढून घ्या आणि बेरियम स्वॅलो (बेरियमचं द्रव गिळताना काढतात तो एक्स-रे) करायला सांगा. साध्या एक्स-रेतही बँडचा कल दिसतो. मणक्याच्या उभ्या रेषेशी त्याचा कोन साधारण ४ ते ५८ अंशांच्या मध्ये असावा लागतो. त्यापेक्षा जास्त आडवा झाला असेल तर स्लिपचा, म्हणजे बँड सरकल्याचा, संशय घेतात.
थुंकीही गिळता येईना, पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत जोराचं दुखू लागलं, उलट्या थांबेनात, तर फोनच्या वाटेला जाऊ नका. ००० ह्या ऑस्ट्रेलियातल्या तातडीच्या नंबरला कॉल करा किंवा थेट इमर्जन्सीत जा, आणि पहिल्या वाक्यातच बँड आहे हे सांगा. बँड त्वचेखालच्या पोर्टमधून (सलाईन भरण्या-काढण्याच्या डबीतून) रिकामा करतात, त्याला ह्यूबर नावाची खास सुई लागते. साध्या सुईने पोर्टच्या सिलिकॉनचा तुकडा निघतो आणि मग पोर्ट गळायला लागतो. उलट्या बरेच दिवस चालल्या असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायला हवं, हेही लक्षात आणून द्या.

आहारवेध
पश्चिमवारा यांच्याशी पूर्ण सहमत. ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त उलट्या बाजूने. वजन वाढलं कारण बँड सैल आहे असं तुम्ही धरलंत. खाण्याची यादी पुन्हा वाचा: कॉफी-बिस्किट, दहीभात, शेव, सूप, आइस्क्रीम. घट्ट बँडमधून जे सहज उतरतं तेवढंच ह्या यादीत उरलं आहे. मऊ, गोड, पातळ, किंवा तोंडात विरघळून भुगा होणारं. १०० ग्रॅम चिवड्यात पाचशेच्या आसपास उष्मांक असतात आणि बँडला त्याची जाणीवही होत नाही. १०० ग्रॅम वाफवलेला मासा त्याच्या एक चतुर्थांशही नसतो, पण तसले घन पदार्थ अडकतात म्हणून तुम्ही सोडून दिले. बँड घट्ट केल्यावर वजन वाढतं ते असं. ह्यात निश्चयाचा प्रश्न फार कमी आहे. शरीर जे उतरेल ते शोधत जातं.
बँड नेमकं काय करतो ह्याबद्दलचा जुना समज असा की वर एक छोटी पिशवी होते, ती भरली की पोट भरलं. मेलबर्नच्याच मोनॅश विद्यापीठातल्या पॉल ओब्रायन आणि सहकाऱ्यांच्या कामातून वेगळं चित्र पुढे आलं. नीट भरलेल्या बँडवर अन्न साठून राहत नाही. चावलेला लहान घास अन्ननलिकेच्या काही आकुंचनांत बँडखाली जातो, त्याला मिनिटभर लागतं, आणि त्या दाबाने तिथल्या नसांमार्फत भूक शमल्याचा संदेश जातो. पहिला घास खाली जायच्या आत दुसरा टाकला की दोन्ही वर अडकतात. म्हणून "हळू खा" एवढं पुरत नाही. करंगळीच्या नखाएवढा घास, वीस वेळा चावणं, गिळल्यावर घड्याळात एक मिनिट. वीस घास, वीस मिनिटं, मग ताट बाजूला. ताटात अर्धा कप, म्हणजे १२५ मिलीच्या आसपास अन्न. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.

सोनटक्का
आकड्यांचं एक. १६२ सेमी उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ धरला तर वजन साधारण ६५.५ किलो. म्हणजे सुरुवातीला जादा वजन ४२.५ किलो होतं. त्यातलं २४ उतरलं होतं, आता १९ उतरलेलं आहे, म्हणजे ४५ टक्के. बँडवर जादा वजनाच्या निम्म्याच्या आसपास उतरणं हा चांगला निकाल मानतात. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) किंवा बायपास (अन्नाची वाट वळवणं) झालेल्या ओळखीच्या माणसाशी तुलना करून खचू नका, ती शस्त्रक्रिया वेगळी आणि तिचा हिशेब वेगळा.

रुंजी
सगळ्यांचे आभार. दुसऱ्याच दिवशी अपॉइंटमेंट मिळाली. बेरियम स्वॅलो झाला: बँड जागेवर आहे, अन्ननलिका किंचित फुगलेली. १.५ मिली काढलं, आता ५.५ मिली आहे. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. खोकला तिसऱ्या रात्रीपासून नाही. पण भूक इतकी लागते की सकाळी अकरालाच डबा संपतो. हे चार आठवडे कसे काढायचे? भीती वाटते आहे.

पश्चिमवारा
खोकला थांबला हे फार चांगलं झालं. भूक लागणारच, ती बँडच्या सैलपणाची आहे, तुमच्या कमकुवतपणाची नाही. ह्या चार आठवड्यांचं उद्दिष्ट वजन कमी करणं हे ठेवू नका. अन्ननलिका पूर्ववत होऊ देणं आणि घन प्रथिनं पुन्हा चालू करणं, इतकंच ठेवा. एक-दीड किलो वाढलं तरी पुढच्या योग्य फिलनंतर ते उतरतं. घाईने परत घट्ट करून घेतलंत तर पुन्हा आइस्क्रीमवर याल.
तपासणीला जाताना तीन गोष्टी वहीत लिहून न्या: जेवणानंतर भूक किती तासांनी लागते, आठवड्यात किती वेळा घास अडकला आणि कशाने, रात्री छातीत आंबट येतं का. दोन तासांत भूक आणि काहीच अडकत नाही, तर फिल हवा. चार-पाच तास भूक नाही आणि चिकन-मासा नीट चावून जातो, तर हात लावू नका. अडकणं, लाळ, खोकला असेल तर सलाईन काढायचं. आकडा बघून फिल ठरत नाही, ह्या तीन उत्तरांवर ठरतो. बँड सकाळी, मासिक पाळीच्या आधी आणि ताणात जास्त घट्ट वाटतो, म्हणून एका सकाळच्या अनुभवावर निर्णय घेऊ नका.

आहारवेध
भुकेसाठी घड्याळ लावा. अकराला डबा संपतो कारण सकाळी प्रथिनं नाहीत. दिवसाला किमान ६० ग्रॅम धरा. एक नमुना देते: सकाळी दोन अंड्यांची ओलसर भुर्जी (१२ ग्रॅम). दुपारी अर्धी वाटी मऊ शिजवलेली मटकीची उसळ आणि वर ४० ग्रॅम किसलेलं पनीर (दोन्ही मिळून १४). चार वाजता साखर नसलेलं ग्रीक योगर्ट १७० ग्रॅम (१५). रात्री १०० ग्रॅम मासा (२०). बेरीज ६१. शाकाहाराच्या दिवशी माशाऐवजी तेवढंच पनीर. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर दोन घास भाकरी. कॉफी बिनसाखरेची, आणि जेवणापासून वेगळी. एरवी पाणी घोट घोट करून दिवसाला दीड लिटरच्या पुढे.
सोया चंक्स मात्र जपून, ते स्पंजसारखे फुगतात. आणि चिवडा-शेव घरात ठेवू नका. भूक लागलेली असताना डब्याशी झटापट करण्यापेक्षा डबाच नसणं सोपं.

कुडाळवाट
अडकण्याबद्दल स्वयंपाकघरातून सांगते, कारण इंग्रजी पत्रकांत ब्रेड आणि स्टेक असतं, आपलं ताट नसतं.
ताजी मऊ पोळी सर्वांत त्रासाची. चावल्यावर तिचा परत कणकेचा गोळा होतो आणि तो बँडवर बसतो. तीच पोळी तव्यावर कडक भाजली तर तुकडे होऊन जाते. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून बरी, पण आमटी पातळ नको, नाहीतर सगळं घसरून जातं आणि तासाभरात भूक. इंद्रायणी, आंबेमोहोर हे चिकट तांदूळ टाळा. भात खायचाच तर सुटा बासमती, दोन-तीन चमचे. साबुदाण्याची खिचडी उपासाला नकोच: चिकट, आणि प्रथिनं शेंगदाण्याच्या कुटापुरती. उपास धरायचा असेल तर दही, पनीर, राजगिऱ्याची भाकरी.
गवार आणि शेवग्याच्या शेंगांचे दोरे, संत्र्याच्या पाकळीची साल, द्राक्षाची साल ही अडकणारी मंडळी. चिकनची छाती कोरडी होते, मांडीचं मांस रश्श्यात शिजवून बारीक तोडा. मासे सर्वांत सोपे. सुरमई तळून कडक करू नका, तिरफळ घालून हुमण करा किंवा वाफवा, काट्याने सुटते.
घास अडकलाच तर वरून पाणी ओतू नका, फिजी पेय तर मुळीच नको. उभं राहा, चाला, थांबा. सुटल्यावर तो भाग सुजलेला असतो, म्हणून पुढचा एक दिवस फक्त पातळ, मग मऊ, मग नेहमीचं.

सोनटक्का
वर्षातून एकदा रक्तात बी-१२, डी, लोह, फेरिटिन आणि फोलेट. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, आणि मोठ्या गोळ्या फोडून किंवा पातळ स्वरूपात मिळतात का ते फार्मसीत विचारा (काही गोळ्या फोडायच्या नसतात, म्हणून विचारूनच). व्यायामाचं सगळ्यांना माहीत आहे: आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि दोन दिवस वजनं उचलणं. दुसरं सोडू नका, स्नायू टिकतात. वजनकाटा आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी.

रुंजी
सहा दिवस मिनिटाचा टायमर लावून जेवते आहे. पहिल्यांदाच मासा गेला. आता पुढचा प्रश्न: चार आठवड्यांच्या तपासणीनंतर दहा दिवसांनी पुण्याला निघायचं आहे, सहा आठवड्यांसाठी, दिवाळी धरून. त्या तपासणीत फिल घ्यावा का?

पश्चिमवारा
लांबच्या प्रवासाआधी दोन आठवड्यांत फिल घेऊ नये असं मी नेहमी सांगते. फिल घट्ट झाला हे कधीकधी काही दिवसांनी कळतं, आणि तोवर तुम्ही विमानात किंवा परगावी असता. तुमची अन्ननलिका आत्ताच फुगलेली होती, म्हणून ह्या वेळी तर नकोच. परत आल्यावर घ्या, तारीख आजच ठरवून ठेवा. परतल्यावर बघू म्हणून सोडलेल्या तपासण्या वर्षभर होत नाहीत, आणि बँड असलेल्यांचं वजन तिथेच वाढतं.
पुण्या-मुंबईत बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणारे, सर्जन पुष्कळ आहेत, पण आता बहुतेक काम स्लीव्ह आणि बायपासचं चालतं. बँडचा पोर्ट हाताळणारे कोण आहेत हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. विमानात काहींना बँड घट्ट वाटतो, तेव्हा प्रवासात दही, सूप, मऊ अंडं एवढंच.

आहारवेध
फराळाचं स्पष्ट सांगते: चकली, शेव, शंकरपाळे, लाडू, ह्यातलं काहीही अडकणार नाही, म्हणून बँडवर भिस्त ठेवू नका. एका मध्यम बेसनलाडवात दोनशेच्या आसपास उष्मांक असतात. आधी प्रथिनाचं जेवण, मग ठरवलेला एक पदार्थ, ताटलीत काढून, बसून. ज्यांच्या घरी जाल त्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की अर्धी वाटी उसळ आणि अंडं किंवा पनीर चालेल. आपल्याकडे आग्रह ऐन पानावर सुरू होतो, तेव्हा समजावणं जड जातं.

पश्चिमवारा
क्लिनिककडून पत्र घ्या: बँडचा प्रकार आणि क्षमता, सध्या किती मिली, शेवटचा बदल कधी, पोर्ट पोटावर कुठे, बेरियमचा निकाल, आणि तातडीच्या वेळी बँड ह्यूबर सुईने पूर्ण रिकामा करावा ही सूचना. एक प्रत फोनमध्ये, एक पर्समध्ये, एक पुण्यातल्या घरच्यांकडे.