रात्री एकटीने भेटायला गेलात तेव्हाचे अनुभव

जाईजुई: काल भाची म्हणाली, "मावशी, आईला सांग मी मैत्रिणीकडे आहे." डेटिंग ॲपवरचा कुणीतरी, इथे नागपुरात धरमपेठेत भेटणार होते. मला माझं सदरमधलं ते जेवण आठवलं. नोकरीला नवीन, रूमवर राहायचे. मुलगा बोलायला एकदम मधाळ. "एवढ्या रात्री ऑटो कशाला, सोडतो ना मी." प्रतापनगरला वळायचं सोडून गाडी सरळ हिंगणा रोडकडे. विचारलं तर म्हणतो, "घरी तर मैत्रिणीकडे आहेस ना? मग घाई काय?" टी पॉइंटच्या सिग्नलला गाडी थांबली तशी दार उघडून उतरले आणि पानठेल्यावर जाऊन उभी राहिले. ठेलेवाल्या काकांनी एक शब्द विचारला नाही. स्टूल पुढे केलं, ऑटो थांबवला. तुमच्याही आठवणी लिहा.

तर्रीवाली: बाई गं. ते "घाई काय" वाचूनच काटा आला. घरी सांगता येत नाही हे त्यांना बरोबर ठाऊक असते.

बिनसाखरेचा चहा: वॉशरूमहून आले तर माझ्या ग्लासात लिंबाची फोड नाही. मी टाकून गेले होते! मैत्रिणीने अख्खा ग्लास कुंडीत ओतला. तो म्हणे, "किती संशयी पोट्ट्या तुम्ही." कुकर झाला, येते.

रात्रपाळी: हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काम करते. असा संशय आला तर झोपून सकाळची वाट पाहू नका. काही गुंगीची औषधं लघवीतून साधारण १२ तासांत निघून जातात, मग तपासणीत काही सापडत नाही. लवकर या, लघवीचा नमुना द्या. अत्याचार झाला असेल तर सरकारी असो की खासगी, कुठल्याच हॉस्पिटलला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. बेल वाजून राहिली, पळते.

काळा कोट: गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. गुंगीचं देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये, १० वर्षांपर्यंत शिक्षा. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले तर कलम ६९.

तर्रीवाली: वकीलसाहेब, कलम ठीक आहे. माझ्या बहिणीला ठाण्यात पहिला प्रश्न काय? "एवढ्या रात्री तिथे कशाला गेल्या होत्या?" त्याला कोणतं कलम?

काळा कोट: त्याला नाही, ताई.

फुटाळ्याचा वारा: मी तर जायच्या आधी गाडीचा नंबर रूममेटला पाठवते, त्याच्यासमोरच. खरा असला तर हसतो. चिडला की मी निघालेच. रात्री मेट्रो बंद झाली की परतीचं आधी ठरवा, तातडीच्या मदतीचा ११२ नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

जाईजुई: चिडण्याची परीक्षा आवडली!

संत्राबर्फी: मुलांनाही फसवतात हो. तिनेच कॅफे सुचवला, मॉकटेलवर मॉकटेल मागवले, फोन आला म्हणून बाहेर गेली ती गेलीच. बिल पाहून घाम फुटला. दारात दोन पैलवान.

बिनसाखरेचा चहा: भाऊ, तुम्हाला पैलवान दारात भेटले, आम्हाला ते गाडीत भेटतात. बरं, तक्रार केली की नाही?

संत्राबर्फी: कशी करू? बायकोला कळलं असतं ना.

तर्रीवाली: हात्तिच्या!!