केव्हीएममधल्या व्हीएमला लॅनवर ११ एमबीच्या वर स्पीड मिळत नाही, होस्टला मात्र मिळतो

ट्रेसिंगपेपर:

नमस्कार मंडळी. सांगलीत एका छापखान्याची कॉम्प्युटरची बाजू मी सांभाळते. दिवाळी अंकांची कामं सुरू झालीत, त्यामुळे प्रश्न जरा घाईचा आहे.

एका टॉवर मशीनवर (हाच होस्ट) डेबियन १२ लिनक्स आणि त्यावर केव्हीएम, म्हणजे एकाच मशीनवर आभासी मशीनं (व्हीएम) चालवायची सोय. चार कोअर, १६ जीबी रॅम. दोन व्हीएम आहेत. एकीत सांबा हा फाईल-सर्व्हर, म्हणजे छापखान्याच्या सगळ्या फाईली तिथे. दुसरीत जॉब रजिस्टर चालतं, तिचा फारसा भार नाही. मशीनला लॅनचे दोन पोर्ट आहेत. मदरबोर्डवरचा होस्टच्या स्वतःच्या कामाला, आणि वेगळ्या लावलेल्या कार्डाचा पोर्ट ब्रिजमध्ये (होस्टच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच) घालून दोन्ही व्हीएमना दिलाय.

त्रास असा: डीटीपीच्या पीसीवरून सांबात फाईल टाकली की स्पीड सेकंदाला ११ एमबीच्या आसपास जातो आणि तिथेच ठाण मांडतो. ना चढत, ना उतरत. फाईल काढून घेतानाही तेच. एका फर्म्याच्या चारही रंगांच्या टिफ मिळून दोन जीबीपर्यंत जातात. सीटीपीवाला (कॉम्प्युटरवरून थेट छपाईच्या प्लेटा काढणारा) प्लेट मशीनपुढे तीन-तीन मिनिटं हाताची घडी घालून उभा, आणि मग माझ्या नावानं हाका. त्याच पीसीवरून होस्टवर एससीपीनं फाईल पाठवली तर ११० एमबी, सुसाट.

व्हीएमच्या आत इथटूलला (लिंकचा स्पीड सांगणारी कमांड) विचारलं तर १००० मेगाबिट, फुल डुप्लेक्स, लिंक चालू. डिस्क व्हीएमच्या आतून ३०० एमबीच्या वर लिहिते. आतला टॉप (सीपीयू कोण खातंय ते दाखवणारी कमांड) बघितला तर सीपीयू निवांत. व्हीएमचं नेटवर्क कार्ड ई१००० मॉडेलचं आहे, व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हीएम सांभाळायचा प्रोग्राम) जेनेरिक ओएस निवडल्यावर त्यानं जे दिलं ते. आता पुढे काय बघू?

रूट_नगरकर:

ई१००० काढा, व्हर्टआयओ लावा, ते खास व्हीएमसाठी बनवलेलं कार्ड आहे. लिनक्स कर्नलमध्ये त्याचे ड्रायव्हर २००८ पासून आहेत, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. २०२० नंतर कुणी ई१००० वर सांबा चालवतं हेच मला नवल वाटतं.

पॅकेटमास्तर:

तेवढ्यानं नाही भागलं तर ऑफलोड, म्हणजे पॅकेटांचे गठ्ठे बांधायच्या-फोडायच्या सोयी, बंद करा. टीएसओ, जीएसओ, जीआरओ सगळं ऑफ, होस्टवर पण आणि व्हीएममध्ये पण. मी तर नवीन सर्व्हर आला की पहिलं हेच करतो.

खांबावरचा:

ताई, थांबा. अजून कशालाच हात लावू नका. नगरकरांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते तुमच्या आजच्या दुखण्याचं औषध नाही. तुमचा आकडाच सगळं बोलतोय.

हिशोब बघा. इथरनेटवर १५०० बाइटांचं एक पॅकेट जातं तेव्हा हेडर, प्रीअँबल, दोन फ्रेममधली मोकळी जागा असं सगळं धरून तारेवर १५३८ बाइटांची जागा जाते. त्यातला टीसीपीचा खरा माल १४४८ बाइट. म्हणजे शंभर मेगाबिटच्या लिंकवर हाती लागतात ९४ मेगाबिट आणि वर थोडं. त्याला आठानं भागा, विंडोज १०२४ च्या हिशोबानं एमबी दाखवतं ते धरा, की येतात ११.२. गिगाबिटला हेच गणित ११२ ला जाऊन थांबतं. तुमचा एक आकडा ११, दुसरा ११०. ही ई१००० ची सुस्ती नाही. ई१००० मुळे स्पीड पडतो तेव्हा तो हेलकावे खातो, सीपीयूवर कोण बसलंय त्याप्रमाणे कमीजास्त होतो. कधी चाळीस, कधी साठ. असा एका रेषेत ठाण मांडून बसणारा आकडा म्हणजे वाटेत कुठेतरी शंभर मेगाबिटची लिंक.

तुम्ही म्हणाल, व्हीएमच्या आत तर १००० लिहिलंय. अहो, ते कार्डच खोटं आहे. इंटेलच्या एका जुन्या चिपची क्यूएमयूनं (व्हीएम चालवणारा होस्टवरचा प्रोग्राम) सॉफ्टवेअरमध्ये केलेली नक्कल ती. खाली खरी तार शंभराची असो नाहीतर दहाची, ती कायम १००० च सांगणार. लग्नाच्या बायोडाटातला पगार समजा. व्हर्टआयओचं कार्ड त्या मानानं प्रामाणिक, विचारलं तर सरळ अननोन म्हणतं.

दुसरं, होस्टला ११० मिळाले ते मदरबोर्डच्या पोर्टवरून. व्हीएमची वाट वेगळी: वेगळं कार्ड, वेगळी केबल, स्विचचा वेगळा पोर्ट. म्हणजे त्या एससीपीनं व्हीएमच्या वाटेबद्दल काहीच कळलं नाही.

आता दोनच गोष्टी करा. एक, दोन्ही व्हीएममध्ये आयपर्फ३ (स्पीड मोजायचं साधन) टाकून एकमेकींशी बोलू द्या. त्यांची वाहतूक ब्रिजच्या आतल्या आत होते, तारेवर उतरतच नाही. तिथे स्पीड चांगला आला तर व्हीएम, ब्रिज, कर्नल सगळे सुटले. दोन, इथटूल होस्टवर चालवा, आणि नाव द्यायचं ते ब्रिजचं नाही, ब्रिजमध्ये घातलेल्या खऱ्या पोर्टचं. तिथे स्पीडच्या ओळीत काय आहे, आणि लिंक पार्टनरच्या (समोरच्या टोकाच्या) यादीत १०००बेस-टी, म्हणजे गिगाबिट, दिसतं का, ते इथे टाका. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) डाउनशिफ्ट शब्द शोधलात तर आणखी बरं.

ट्रेसिंगपेपर:

काका (काकाच ना?), केलं सगळं.

व्हीएम ते व्हीएम: गिगाबिटच्याही वर गेलं, दोन्ही बाजूंनी. होस्टवर ब्रिजच्या पोर्टला: स्पीड १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स. लिंक पार्टनरच्या यादीत १०००बेस-टी आहे. आणि डीमेसेजमध्ये चक्क एक ओळ सापडली, की ठरलेला स्पीड एक गिगाबिट होता, तिथून शंभर मेगाबिटवर डाउनशिफ्ट झालंय, केबल तपासा.

स्विच गिगाबिटचाच आहे. केबल सर्व्हरपासून सीटीपीच्या खोलीच्या भिंतीतून स्विचपर्यंत जाते. भिंतीवरच्या बॉक्समधून बाहेर आलेली दिसते, मध्ये काय आहे देव जाणे.

खांबावरचा:

काकाच. टेलिफोनच्या खांबांवर उमेद गेली, म्हणून हे नाव.

मग झालं निदान. दोन्ही टोकं गिगाबिटला तयार आहेत, बोलणीही गिगाबिटची झाली, तार ते पेलत नाही. ही बोलणी होतात फक्त १-२ आणि ३-६ या दोन जोड्यांवरून, म्हणून ती पार पडतात. शंभर मेगाबिटलाही त्याच दोन पुरतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, निळी ४-५ आणि तपकिरी ७-८ सुद्धा. त्यांतली एक तुटली, किंवा आरजे-४५ मध्ये एक तार नीट बसली नाही, की कार्ड दोन-चारदा गिगाबिट करून बघतं आणि मुकाट्यानं शंभरावर येतं. दिवे लागलेले असतात, पिंग जातो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

केबल टेस्टर आणा, साधा आठ दिव्यांचा. आणि तो भिंतीवरचा बॉक्स उघडा. माझा संशय त्याच्यावरच आहे. छापखान्यात इंटरकॉम आहे का?

ट्रेसिंगपेपर:

आहे! आणि तुम्हाला कसं कळलं ते सांगाच.

बॉक्स उघडला. केबलच्या निळ्या जोडीचे दोन्ही धागे सोलून बाजूला काढलेत, त्यांवर इन्सुलेशन टेप, आणि ते सीटीपीच्या खोलीतल्या इंटरकॉमला गेलेत. बाकीच्या तीन जोड्या पुढच्या केबलला पिळा देऊन जोडल्यात, पिळा! जॅक नाही, काही नाही. टेस्टरवर ४ आणि ५ चे दिवे लागतच नाहीत. मालक म्हणाले, इंटरकॉम आला तेव्हा वायरमनला दोन तारा रिकाम्या मिळाल्या म्हणून तो खूश होता.

खांबावरचा:

कळायला काय, शंभर मेगाबिटच्या जमान्यात सगळीकडे हेच चालायचं. तेव्हा निळी आणि तपकिरी जोडी खरंच रिकामी असायची, त्यामुळे त्या वायरमनला दोष देता येत नाही. पिळ्याबद्दल द्या हवा तर. इंटरकॉमची रिंग वाजते तेव्हा त्या निळ्या जोडीवर चांगले पन्नासच्या वर व्होल्ट असतात, तेव्हा ती परत आरजे-४५ मध्ये घालण्याच्या फंदात पडू नका. फोनला राहू दे ती केबल. सर्व्हरला कॅट-६ ची नवी सलग ओढून घ्या, मध्ये सांधा नको, आणि विजेच्या वायरच्या पाइपातून नको. प्लेट मशीनची मेन लाइन शेजारून जात असेल तर हातभर लांबून न्या.

केबल झाली की आयपर्फ३ व्हीएम ते पीसी लावा, आधी सरळ, मग आर पर्याय देऊन उलटं. रिट्रान्समिटचा (परत पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांचा) रकानाही बघा.

ट्रेसिंगपेपर:

नवी केबल टाकून घेतली. होस्टवर त्या पोर्टला आता १०००. आयपर्फ: व्हीएमकडून पीसीकडे ९०० च्या पुढे, पण पीसीकडून व्हीएमकडे साडेपाचशे-सहाशे, आणि तो आकडा हलतोय. रिट्रान्समिट किरकोळ. आतला टॉप अजून निवांतच दाखवतो.

रूट_नगरकर:

आता माझ्या व्हर्टआयओची पाळी. मी म्हणालो नव्हतो?

खांबावरचा:

आता तुमचीच पाळी, नगरकर. आकडा हलतोय म्हणजे दुखणं बदललं.

ताई, आतला टॉप सोडा, होस्टचा बघा. क्यूएमयूची प्रोसेस एक अख्खा कोअर खात असेल. नकली कार्डाच्या रजिस्टरला व्हीएमनं हात लावला की दर वेळी तिला थांबवून क्यूएमयू ते रजिस्टर असल्याचं नाटक वठवतं, मग तिला पुढे सोडतं. व्हर्टआयओमध्ये दोघांनी मिळून मेमरीतली एक रांग वाटून घेतलेली असते. व्हीएमला माहीत असतं की समोर खरं कार्ड नाही, त्यामुळे नाटक लागत नाही. शिवाय लिबव्हर्ट (व्हर्ट-मॅनेजर ज्याच्यावर चालतो ते) आपणहून व्हीहोस्ट वापरतं, म्हणजे पॅकेटांची ने-आण क्यूएमयूला वळसा घालून थेट होस्टच्या कर्नलमध्ये होते. लागू झालं की होस्टच्या टॉपमध्ये व्हीहोस्ट नावाची थ्रेड दिसेल.

बदलताना मात्र सांभाळून. मॅक पत्ता तोच ठेवा, नाहीतर राऊटर दुसरा आयपी देईल. व्हीएमच्या आतून रीबूट करून उपयोग नाही, जुनीच क्यूएमयू प्रोसेस चालू राहते. पूर्ण शटडाउन करून होस्टवरून परत स्टार्ट करा. आणि कार्ड बदललं की आतलं इंटरफेसचं नाव बदलू शकतं. डेबियनच्या इंटरफेसेस फाईलमध्ये जुनं नाव लिहिलेलं असलं तर व्हीएम उठेल, नेटवर्क उठणार नाही. म्हणून एसएसएचच्या (नेटवर्कवरून आत शिरण्याच्या) भरवशावर करू नका, व्हर्ट-मॅनेजरची ग्राफिकल खिडकी उघडी ठेवून करा. रात्री करा, प्लेटा निघत असताना नको.

पॅकेटमास्तर:

माझ्या ऑफलोडबद्दल कुणी बोललंच नाही.

खांबावरचा:

मुद्दाम टाळत होतो, पण विचारलंत म्हणून सांगतो. जीएसओ, टीएसओ, जीआरओ चालू असले की ६४ केबीपर्यंतचा एकेक गठ्ठा व्हर्टआयओतून एकदम जातो. बंद केलेत की तोच माल १५०० च्या तुकड्यांत, चाळीसेक फेऱ्या. व्हीएममध्ये बंद करणं म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन मंद करणं. तुमच्या सर्व्हरवर फायदा दिसत असेल तर तिथल्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये काही दोष असणार, तो नियम म्हणून सगळीकडे नेऊ नका. एलआरओची गोष्ट वेगळी. ते ब्रिजखाली खरंच घातक, कारण आलेली पॅकेटं चिकटवताना मूळ हद्दी पुसून टाकतं. म्हणून पोर्ट ब्रिजमध्ये घातला की कर्नल स्वतःच ते बंद करतं.

आणि व्हीएममध्ये टीसीपीडम्प (पॅकेटं टिपणारी कमांड) लावून चेकसम (पॅकेट शाबूत आहे का ते ताडायचा आकडा) चुकीची दिसते म्हणून ऑफलोड बंद करणारेही बघितलेत. बाहेर जाणारं पॅकेट टीसीपीडम्प टिपतं तेव्हा चेकसम अजून भरलेलीच नसते, ती पुढच्या टप्प्यावर भरते. तो दोष नाही.

ट्रेसिंगपेपर:

काल रात्री बदललं. इंटरफेसचं नाव खरंच बदललं, खिडकी उघडी होती म्हणून वाचले. आयपर्फ दोन्ही बाजूंनी ९४१, क्यूएमयू एकदम शांत. सांबावर मोठी टिफ १०८-११० एमबीनं जाते, दोन जीबीला वीस सेकंद. सीटीपीवाल्यानं स्वतःहून चहा पाजला.

एकच राहिलं. लिंक्स आणि फाँटचे फोल्डर, ज्यांत हजारो बारक्या फाईली असतात, ते अजून रखडतात, पाच-सहा एमबीनं.

खांबावरचा:

ते नेटवर्कच्या रुंदीचं काम नाही. प्रत्येक फाईलला उघड, गुणधर्म विचार, लिही, बंद कर अशा सांबाच्या चार-सहा फेऱ्या होतात, फाईल चार केबीची असो की चारशे एमबीची. केबल कितीही रुंद केली तरी त्या फेऱ्या कमी होत नाहीत. जुने अंक झिप करून हलवा. चालू कामाचं फोल्डर हलवूच नका, व्हीएमवरच ठेवून तिथूनच उघडा.

मडगाव_लोकल:

मध्येच घुसतोय. माझ्या व्हीएममध्ये डाऊनलोडचा स्पीड छान, पण एपीटी असो की कर्ल, सुरुवात होण्याआधी दर वेळी बरोबर पाच सेकंद काहीच होत नाही. तेच औषध?

खांबावरचा:

नाही, वेगळा आजार. बरोबर पाच सेकंद म्हणजे डीएनएस, नावावरून आयपी पत्ता शोधायचं काम. पहिल्या नेमसर्व्हरनं उत्तर दिलं नाही की रिझॉल्व्हर पाच सेकंद वाट बघून मग दुसऱ्याला विचारतो. कर्लला टाईम-नेमलुकअप छापायला सांगा, पाच तिथेच दिसतील. मग रिझॉल्व्ह-कॉन्फ उघडून पहिला पत्ता कुणाचा आहे ते बघा.

मडगाव_लोकल:

जुन्या राऊटरचा पत्ता होता, तो केव्हाच भंगारात गेला. ओळ काढली, आता लगेच सुरू होतं. देव बरें करूं.