शब्दचर्चा : ‘साखर’, ‘शर्करा’, ‘ग्लुकोज’ आणि डुकराच्या पिलाचे यकृत

प्रश्न (सातारा) :
वराहपालन करणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे यकृत ग्लुकोजचा व्यवहार कसा सांभाळते, हा त्याचा विषय. मधुमेहाच्या निमित्ताने ‘रक्तातली साखर’ घरोघरी रुळलेली असल्यामुळे मसुद्यात मी सर्वत्र ‘साखर’ हाच शब्द योजला होता. परंतु ‘पिलाला साखर कमी पडते’ हे वाक्य वाचून एका शेतकऱ्याने विचारले, की मग साखरेचे पाणी पाजावे का? तेव्हापासून लेखन थांबले आहे. ‘शर्करा’ लिहावे की ‘ग्लुकोज’? ‘ग्लायकोजेन’ आणि ‘ग्लुकोनिओजेनेसिस’ यांना काय म्हणावे? ‘यकृता’ऐवजी ‘काळीज’ चालेल का?

उत्तर (शिरवळ, पशुवैद्यक) :
त्या शेतकऱ्याचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ऊस आणि साखर कारखान्यांच्या आपल्या भागात ‘साखर’ म्हटले की पोत्यातली साखरच डोळ्यांपुढे येते. ती फोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करणारे विकर (एन्झाइम) डुकराच्या नवजात पिलाच्या आतड्यात जवळजवळ नसतेच, त्यामुळे पाजलेली साखर न पचता पुढे जाते आणि पिलाला हगवण लागते. चिकातील, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधातील, लॅक्टोज ही दुधाची शर्करा फोडण्याची क्षमता मात्र त्याच्यात जन्मतःच भरपूर असते. म्हणून या पत्रकात ‘साखर’ हा शब्द अपुराच नव्हे, तर घातक आहे.

‘शर्करा’ हा शब्द या साऱ्या कुळाचे नाव म्हणून ठेवावा, ग्लुकोजसाठी वापरू नये. गर्भातील पिलाच्या रक्तात ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोजही मोठ्या प्रमाणात असते. ते वारेकडून येते, जन्मानंतर लवकरच नाहीसे होते आणि पिलाला ऊर्जेसाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा ठिकाणी ‘रक्तातील शर्करा’ लिहिल्यास नेमकी कोणती, हा प्रश्न उरतोच. ‘ग्लुकोज’ हा शब्द सलाइनच्या बाटलीमुळे गावोगाव माहीत आहे, तोच लिहावा.

‘ग्लायकोजेन’साठी ‘मधुजन’ असा संस्कृत घडणीचा पर्याय आहे, पण तो वाचून मधाशी संबंध जोडला जातो. ‘ग्लायकोजेन’ तसेच ठेवून पहिल्या उल्लेखात ‘ग्लुकोजचा साठा’ असा खुलासा करावा. ‘ग्लुकोनिओजेनेसिस’ला मी ‘नवग्लुकोजनिर्मिती’ म्हणेन, कारण साठ्यातून ग्लुकोज सुटणे ही एक क्रिया, आणि लॅक्टेट, अमिनो आम्ले व ग्लिसरॉल यांच्यापासून ते नव्याने घडणे ही दुसरी. हा भेद पिलाच्या जिवाशी निगडित आहे. गर्भात असताना ग्लुकोज नाळेतून आयतेच मिळत असल्याने नवग्लुकोजनिर्मिती जवळजवळ होत नाही. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा; त्याच्या अखेरच्या दिवसांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढते आणि यकृत ग्लायकोजेनने भरते. नाळ तुटताच इन्सुलिन उतरते, साठा सोडवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक चढते, साठा सुटू लागतो, आणि नव्या निर्मितीची विकरे त्यानंतरच्या काही तासांत व दिवसांत वाढत जातात. यकृतातील साठा पहिल्याच दिवसात बहुतांश खर्च होतो. पिलाच्या अंगावर चरबी नाममात्र असते, आणि ज्या तपकिरी चरबीवर इतर प्राण्यांची बाळे ऊब धरतात ती डुकरात नसते. त्यामुळे चीक वेळेवर मिळाला नाही, तर साठा संपलेला आणि नवी निर्मिती अपुरी, अशा अवस्थेत पिलू गारठून मरते. चिकातील स्निग्धांश जाळूनच यकृताला या निर्मितीचे बळ मिळते. ‘चीक’ हा शब्द आपण गाई-म्हशींसाठी वापरतो. डुकरिणीसाठीही तोच निःशंक वापरावा.

‘काळीज’ मूळचा यकृताचाच शब्द, आणि मटणाच्या दुकानातली ‘कलेजी’ तो अर्थ अजून राखून आहे. पण मराठी वाचकाचे काळीज आता हृदयाकडे सरकले आहे. ‘यकृत’च ठेवावे.

प्रतिसाद (सांगली) :
ग्लायकोजेनच्या खुलाशासाठी ‘पेव’ हा शब्द सुचवतो. आमच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीतली पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ निकामी झाली. पेव हंगामात भरायचे, तोंड लिंपून बंद करायचे, आणि उघडले की झपाट्याने रिकामे करायचे. जन्माआधी भरलेले आणि नाळ तुटताच उघडलेले पिलाचे यकृत मला नेमके तसेच वाटते.

उत्तर (शिरवळ, पशुवैद्यक) :
उपमा म्हणून उत्तम आहे, संज्ञा म्हणून नको. एक सावधगिरी मात्र घ्यावी. पिलाचे बहुतेक ग्लायकोजेन यकृतात नव्हे, स्नायूंत असते. परंतु ग्लुकोज मोकळे करून रक्तात सोडणारे विकर स्नायूंत नसल्याने तो साठा स्नायूंच्याच कामी येतो. साऱ्या शरीराला पुरवणारे पेव यकृताचे, हे स्पष्ट लिहावे.

प्रश्नकर्ती (सातारा) :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुधारलेला मजकूर असा ठेवत आहे : “जन्माच्या आगेमागे पिलाच्या यकृताला मोठा बदल करावा लागतो. आईकडून नाळेतून येणारे ग्लुकोज थांबते. यकृत आधी ग्लायकोजेनचे भरलेले पेव उघडते आणि मग स्वतः नवे ग्लुकोज घडवू लागते. या दोहोंमधल्या काळात पिलाला चीक आणि सुमारे ३४ अंश सेल्सिअसची ऊब मिळालीच पाहिजे. साखरेचे पाणी पाजू नये.” शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत छापण्यास सांगितले आहे.