प्यादं काहून देलं?

आत्या: जिल्हा शालेय बुद्धिबळ स्पर्धेत तिसरी फेरी आपली पोरगी जिंकली! काळ्या मोहऱ्या होत्या. चालींच्या कागदाचा फोटो टाकते.

मोठे बाबा: शाबास पोरी! पण पाचव्या चालीले हिचं एक प्यादं गेलं, ते घोड्यानं परत मारताच येत होतं. काहून देलं बाप्पा?

दादा: मोठे बाबा, त्याच घरात भले भले फसतात. पांढऱ्याचा घोडा जी५ वर (ही पटावरच्या घरांची नावं), उंट सी४ वर, दोघांचाही डोळा एफ७ च्या प्याद्यावर. त्याला राखण एकट्या राजाची. आपण घोड्यानं डी५ चं प्यादं मारलं, की पांढरा आपला घोडा एफ७ वर घालतो. वजीर आणि हत्ती दोन्ही मारात, म्हणून राजाला तो घ्यावाच लागतो. मग वजिराचा एफ३ वरून शह. डी५ चा घोडा राखायचा तर राजा ई६ वर, भर पटात उघड्यावर. घड्याळ चालू असताना शाळकरी पोरांना तो डाव सांभाळणं फार कठीण.

हिनं मारलं नाही, घोडा ए५ वर नेला. उंट मारात! त्यानं बी५ वरून शह दिला, हिनं सी६ वर प्यादं ढकललं. प्याद्यांची मारामारी झाली, उंट पुन्हा मारात, गेला ई२ वर. मग एच६ वर प्यादं ढकलून घोडा हाकलला. तो एफ३ वर आला, तर ई४ वर प्यादं ढकलून तिथूनही उठवला. एका प्याद्याच्या बदल्यात समोरच्याला नुसतं पळवलं. मला तर हा सौदा फार आवडतो.

आई: काळ्या आल्या की तिचं तोंड उतरते ना रे.

मामा: तिले सांगा, आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ च्या महिला विश्वचषकात, जॉर्जियातल्या बातुमीला, कोनेरू हम्पीविरुद्ध अंतिम फेरीत टायब्रेकचा (बरोबरी फोडायचा) दुसरा डाव काळ्यांनीच जिंकला. तिथूनच ग्रँडमास्टर झाली.

आत्या: उद्या पांढऱ्या आहेत. आज रात्री काही नवीन शिकवतो का?

दादा: अजिबात नाही. जे ओपनिंग (डावाची सुरुवात) ती रोज खेळते तेच खेळू दे. मोबाईल काढून घ्या अन् लवकर झोपवा.

मोठे बाबा: कागदाची मागची बाजू टाक वं. बाराव्या चालीपुढचं दिसून नाही राहिलं, मी पट मांडून बसलो आहो.