विषय: पुण्यातला बालमेळावा – हात धुवायचे कुठे?

नमस्कार,
रविवारच्या कर्वेनगरच्या हॉलवर बेसिन एकच, तेही मोठ्यांच्या उंचीचं. गेल्या डिसेंबरात मेळाव्यानंतर तीन दिवसांत अर्धा बालवर्ग शिंकत होता. ठोकळे याच्या तोंडातून त्याच्या हातात जातात. जेवणाआधी सगळ्यांचे हात साबणाने धुवून घ्यायचेत. स्वयंपाकघरामागची मोरी मिळेल का?
– बालवर्ग

मोरी देता येणार नाही. तांदूळ, भाज्या, भांडी, सगळं तिथेच धुवायचं आहे आणि आम्ही चौघीच आहोत. कोषाध्यक्षांनी सॅनिटायझरच्या १२ बाटल्या आणल्यात, त्या वापरा.
– स्वयंपाकघर

वहिनी, सॅनिटायझरवर भिस्त नको. सर्दी बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरसची असते. करोनाच्या विषाणूला असतं तसं चरबीचं वेष्टन त्याला नसतं, म्हणून अल्कोहोलने तो तितकासा मरत नाही. साबण लावून २० सेकंद चोळले की पाण्याबरोबर निघून जातो. आणि ज्याची सर्दी काल-परवाच सुरू झाली त्याला कृपया घरी ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांतच ती सगळ्यात जास्त पसरते.
– डॉक्टरकाका

काका, लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होतेच. प्रत्येक वेळी घरी ठेवलं तर ती मराठी मुलांत मिसळणार कधी? आम्ही शुक्रवारी पुण्यात उतरतोय, लेकाने महिनाभर श्लोक पाठ केलाय. त्याची सर्दी आठ दिवसांची जुनी आहे, ताप नाही, पण शेंबूड हिरवा येतोय. अँटिबायोटिक सुरू करू का?
– चिरंजीवांची आई

अगं, नको. हिरवा रंग म्हणजे अँटिबायोटिक हवंच असं नाही, विषाणूवर ते चालतही नाही. खोकल्याचं सिरपही मनाने देऊ नकोस. २०२५च्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्यांना ते देऊच नका म्हणून सांगितलंय. वर्षाच्या पुढच्याला झोपताना चमचाभर मध पुरतो. त्याला स्वेटर मात्र आण. सारसबागेतल्या गणपतीलासुद्धा थंडीत घालतात.
– आजी

आजी, मूळ मुद्दा पाण्याचा आहे! तोटीचं पिंप कुणाकडे आहे का? अंगणात पाटावर ठेवलं तर पोरांचा हात पोचेल. साबण आणि प्रत्येकाला वेगळा नॅपकिन मी आणते.
– बालवर्ग

पिंप माझ्याकडे आहे, २० लिटरचं. पाणी तुम्ही भरायचं, संध्याकाळी घासून परत द्यायचं. मोरीत कुणी येऊ नये.
– स्वयंपाकघर