तेलपट्ट्यातली ट्रकची नोकरी: पर्मियन, बाकन की अल्बर्टा?

अठराचाकी

चार वर्षं अमेरिकेत रीफर (थंड मालाचा ट्रेलर) ओढतोय. क्लास ए सीडीएल (जड ट्रकचं लायसन्स), ग्रीन कार्ड, रेकॉर्डवर अपघात नाही, तिकीट नाही. टँकर किंवा हॅझमॅटचं (धोकादायक मालाचं) एंडोर्समेंट, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, मात्र काढलेलं नाही. महिन्याचे पंचवीस दिवस रस्त्यावर जातात आणि मुलगी आता पहिलीत गेली. तेलपट्ट्यात चौदा दिवस काम, सात दिवस घर अशी पाळी मिळते असं कळल्यापासून डोक्यात तेच घोळतंय.

समोर तीन गोष्टी आहेत. पश्चिम टेक्सासात, म्हणजे पर्मियनमध्ये, ओडेसाजवळ फ्रॅकची वाळू (खडक फोडून तेल काढताना विहिरीत सोडतात ती), पगार खेपेच्या भाड्यातल्या टक्क्यांवर. नॉर्थ डकोटात, म्हणजे बाकनमध्ये, विलिस्टनकडे क्रूड (कच्चं तेल), ताशी पगार. आणि कॅनडातल्या अल्बर्टात ग्रांड प्रेअरीला मावसभाऊ आहे, तो म्हणतो इकडेच ये. टेक्सासवाल्याने सांगितलेला वर्षाचा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच मोठा आहे, शिवाय तिथे राज्याचा आयकर नाही. मन तिकडे झुकतंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी बोला.

कोरडी वाळू

सहा वर्षं पर्मियनमध्ये काढली. आधी वाळू, मग पाणी. तो वर्षाचा आकडा बाजूला ठेवा आणि त्या माणसाला एकच विचारा: विहिरीवर थांबलो तर तासाला किती?

टक्क्यांचा हिशोब असा असतो. समजा एका खेपेला तुमच्या वाट्याला १५० डॉलर येतात. भरती करणारा दिवसाला चार खेपा धरतो, म्हणजे ६००. पण फ्रॅकचा पंप बिघडला, वाळूचे सायलो (साठवणीच्या उंच टाक्या) भरलेलेच असले की बाहेर तीस ट्रकांची रांग लागते आणि तुम्ही तिच्यात बसून. दिवसाच्या दोनच खेपा होतात. पैसे निम्मे, तास मात्र तेवढेच. मी एकदा एका खेपेसाठी नऊ तास थांबलो होतो. कागदावर थांबण्याचं भाडं होतं, पण पहिले तीन तास 'मोफत' आणि पुढच्यासाठी साइटवरच्या माणसाची सही लागायची. तो सही करायला सापडला तर ना!

'तेलपट्ट्यातल्या ड्रायव्हरला तासांची सूट असते' असंही सांगतील. त्यात अर्धं खरं आहे. केवळ तेल-गॅसच्या कामावर असलेल्यांना आठवड्याचे तास शून्यावर आणायला ३४ ऐवजी २४ तासांची सलग सुट्टी पुरते. पण विहिरीवर थांबलेला वेळ ड्यूटीत न धरण्याची सवलत खास बनावटीच्या गाड्या चालवणाऱ्या, खास प्रशिक्षण घेतलेल्यांनाच आहे. वाळू आणि पाणीवाले तीत बसत नाहीत. रांगेत बसलात तरी तुमचे दिवसाच्या ड्यूटीचे चौदा तास जळतच असतात. 'लॉगवर विश्रांती दाखव, सगळे दाखवतात' असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी चावी परत करा.

रस्त्यांबद्दल. पेकॉसहून कार्ल्सबॅडकडे जाणाऱ्या २८५ नंबरला तिथले लोक उगीच मृत्यूचा महामार्ग म्हणत नाहीत. लीज रोड, म्हणजे विहिरींकडे जाणारे कच्चे रस्ते, कॅलिचीचे. कॅलिची म्हणजे आपला मुरूमच समजा, पण पांढरा. कोरडा असताना धुळीने पुढचा ट्रक दिसत नाही, आणि पाऊस पडला की साबण.

आणखी एक. २०१७ च्या सुमारास कर्मिट-मोनाहान्सकडे वाळूच्या खाणी निघाल्या, त्याआधी बरीच वाळू विस्कॉन्सिनहून रेल्वेने यायची. खाणी जवळ आल्या तशा खेपा आखूड झाल्या. २०२५ मध्ये तर कर्मिटहून न्यू मेक्सिकोत वाळू नेणारा ४२ मैलांचा कन्व्हेयर पट्टा सुरू झाला. वाळूची ट्रक उद्या बंद होणार असं मी म्हणत नाही, पण नव्याने शिरणाऱ्याने वाळूत शिरू नये. पाणी बरं. तेल निघतंय तोवर विहीर पाणी ओकतच राहते.

उणे तीस

मी बाकनमध्ये क्रूड ओढतो, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला.

वर जे लिहिलंय त्यात भर एवढीच: प्रदेश नंतर निवडा, आधी माल निवडा. वाळू आणि पाणी नव्या विहिरींच्या फ्रॅकवर जगतात (जुन्या विहिरींचं पाणी सोडून). तेलाचा भाव पडला की फ्रॅक आधी थांबतो. क्रूड मात्र चालू विहिरीतून येतच राहतं. अर्थात २० एप्रिल २०२० ला भाव उणे ३७ डॉलरवर गेला, तेव्हा विहिरीच बंद केल्या आणि आम्हीही घरी बसलो. तेलपट्ट्यात कायमचं काही नसतं. घराचा मोठा हप्ता इथल्या पगारावर बेतू नका.

आमच्याकडचं दुखणं पाइपलाइन. २०१७ मध्ये डकोटा ॲक्सेस सुरू झाली तशा रेल्वे टर्मिनलकडच्या लांब खेपा घटल्या. आता बहुतेक काम लीजवरच्या (विहिरीच्या जागेवरच्या) टाकीपासून जवळच्या पाइपलाइन स्टेशनपर्यंतचं. पण ताशी पगार असला की त्याने फारसं बिघडत नाही.

थंडीबद्दल सगळे घाबरवतात. मला थंडीपेक्षा वारा नडतो. रिकामा टँकर, बर्फाळ रस्ता आणि आडवा वारा. व्हॉल्व्ह गोठतात, साखळ्या चढवाव्या लागतात. मार्च ते मे बर्फ वितळताना कच्च्या रस्त्यांवर वजनाची मर्यादा येते, तेव्हा अर्धवट भरून चालावं लागतं. आणि अर्धवट भरलेला टँकर रीफरसारखा वागत नाही. तुम्ही ब्रेक दाबता, गाडी थांबते, तेल थांबत नाही. चौकात मागून धक्का बसतो तो तुमच्याच मालाचा.

क्रूडला हॅझमॅट आणि टँकर दोन्ही लागतं. हॅझमॅटसाठी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) पार्श्वभूमी तपासणी, बोटांचे ठसे आणि त्याआधी थिअरीचा कोर्स. आजच अर्ज करा, वेळ लागतो.

माप पट्टी

अल्बर्टात डिस्पॅचला (ट्रकना खेपा नेमून द्यायच्या कामावर) होते, आता सुरक्षेच्या कामात आहे.

आधी तुमच्या मावसभावाचं. अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर कॅनडात फिरायला येता येतं, नोकरी करता येत नाही. वर्क परमिट वेगळं, क्लास १ लायसन्स वेगळं. वर एचटूएस अलाइव्हचं (हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूपासून बचावाच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र बहुतेक साइट मागतात, ते तीन वर्षं चालतं. आणि इथला स्प्रिंग ब्रेकअप म्हणजे बर्फ वितळून रस्त्यांवर बंदी येते, काही आठवडे बरेच ड्रायव्हर घरी असतात. मावसभाऊ बहुधा जानेवारीतला पगार सांगत असणार. त्याला मेचा विचारा.

आता क्रूडबद्दल, कारण वर कुणी हे लिहिलंच नाही. टाकीवर चढून झाकण उघडून हाताने माप घेण्याचं काम ड्रायव्हरच करतो. झाकण उघडताच वायूचा लोट येतो, हवेतला ऑक्सिजन ढकलला जातो. अमेरिकेत २०१० ते २०१४ दरम्यान असं माप किंवा नमुना घेताना किमान नऊ कामगार गेले. त्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून खाली वाकणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा मुलाखतीत विचारा: माप हाताने की मीटरने? लॅक्ट मीटर (तेल आपोआप मोजणारं यंत्र) असेल तिथे टाकी उघडावीच लागत नाही. हाताने असेल तर वायूचा मीटर कंपनी देते का, आणि रात्री टाकीवर दुसरा माणूस असतो का?

उणे तीस

ताईंचं बरोबर. आमच्याकडे निम्म्या लीजवर लॅक्ट, निम्म्यावर हाताने. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहू नये, वारा बाजूने येईल असं उभं राहावं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. लिहायला हवं होतं.

दक्षिण टेक्सास

कुणी ईगल फोर्डचं (दक्षिण टेक्सासातल्या तेलपट्ट्याचं) नाव घेत नाही म्हणून सांगतो. कार्न्स सिटीच्या बाजूचं काम मिळालं तर सॅन अँटोनियोत घर करून रोज रात्री घरी येता येतं. पर्मियनइतकी धामधूम नाही. ओडेसात घरभाडं बूमच्या काळात कसं चढतं ते वाळूवाले सांगतील.

कोरडी वाळू

सांगतो. मी ट्रकच्या स्लीपरमध्ये (केबिनमागच्या झोपायच्या जागेत) राहायचो. आयकर वाचला तो तिथेच गेला.

अठराचाकी

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन केले. ओडेसावाल्याला थांबण्याचे पैसे विचारले तर म्हणाला, 'आमच्याकडे कुणी फारसं थांबत नाही.' लेखी द्या म्हटलं तर म्हणे वरिष्ठांशी बोलतो. विलिस्टनवाल्याने न विचारता सांगितलं की यार्डात पाऊल ठेवल्यापासून घड्याळ चालू, आणि पहिले काही आठवडे जुना ड्रायव्हर बरोबर असतो. आकडा लहान आहे. पण बायको म्हणाली, निदान तो दर महिन्याला तोच असेल. मापाचं विचारलं. त्यांच्याकडे बरंचसं हाताने, वायूचा मीटर कंपनीचा, रात्री एकटाच. हे शेवटचं मला खटकतंय. दिवसपाळी मागितली आहे, उत्तर यायचंय. ठशांची वेळ मात्र घेऊन टाकली. हॅझमॅट कुठेही कामाला येईलच.

माप पट्टी

दिवसपाळीचं लेखी घ्या. नाही मिळाली तर कार्न्स सिटीकडे एक फोन करून बघा, तिथेही क्रूड आहेच.

उणे तीस

आणि गेलात तर बूट इथे येऊन घ्या. उणे चाळीसचे. त्या आकड्याला सेल्सिअस की फॅरनहाइट हा वाद उरत नाही.